बंद पडलेला सर्व्हर : दवाखान्यातील डेटाबेसची निगा आणि पुनरारंभ

वैद्यकीय व्यवसायात संगणकाने प्रवेश केला तो बिले छापण्याच्या निमित्ताने. पुढे त्याच यंत्रात रुग्णांची नावे साठू लागली, मग निदाने, मग लसीकरणाच्या तारखा. आणि आज अशी स्थिती आहे की आपल्या शहरातील अनेक लहान रुग्णालयांतून कागदी केसपेपर जवळजवळ नाहीसा झाला आहे. ज्या नोंदींसाठी पूर्वी दोन गोदरेजची कपाटे लागत, त्या आता टेबलाखालच्या एका खोक्यात मावतात. या खोक्याला आपण सर्व्हर म्हणतो, आणि एखाद्या गर्दीच्या सकाळी स्वागतकक्षातील बेन आत डोकावून ‘साहेब, सर्व्हर बंद छे’ एवढेच म्हणतात तेव्हा तो खोका आपल्या व्यवसायाचा किती मोठा भाग झाला आहे याची जाणीव होते.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. संगणकशास्त्राचे औपचारिक शिक्षण मी घेतलेले नाही. परंतु माझ्या दवाखान्याचा डेटाबेस गेली चौदा वर्षे दवाखान्यातीलच एका यंत्रावर नांदतो आहे. एक तरुण अभियंता आठवड्यातून एकदा येऊन तो पाहून जातो. उरलेल्या सहा दिवसांत काही बिघडले तर ते निस्तरण्याची जबाबदारी आमच्यावरच येते, आणि त्या निमित्ताने जे वाचावे व शिकावे लागले त्यातील उपयोगाचा भाग या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. यंत्र बंद करून पुन्हा चालू करणे हा बहुतेकांचा पहिला उपाय असतो. माझे म्हणणे असे की तो उपाय करण्यापूर्वी यंत्राने स्वतः काय लिहून ठेवले आहे ते वाचलेच पाहिजे, आणि पुन्हा सुरू झाल्यावर आतील नोंदी शाबूत आहेत की नाहीत हे पडताळलेच पाहिजे. या दोहोंच्या मधली क्रिया सर्वांत सोपी आहे.

प्रथम ‘सर्व्हर बंद आहे’ या तक्रारीचे विश्लेषण करू. आई बेशुद्ध बालकाला घेऊन येते तेव्हा ‘बेशुद्धी’ हे निदान होत नाही. रक्तातील साखर, झटका, मेंदुज्वर, विषबाधा अशी यादी मनात उभी राहते. येथेही तसेच आहे. खोक्यात यंत्र असते, त्यावर लिनक्स किंवा विंडोज यांसारखी ऑपरेटिंग सिस्टीम असते, आणि तिच्या आधाराने पडद्यामागे अखंड चालणारे काही प्रोग्राम असतात, त्यांना ‘सर्व्हिस’ म्हणतात. माझ्याकडे अशा तीन मुख्य सर्व्हिस आहेत: नोंदी सांभाळणारा डेटाबेस, त्याच्याशी बोलणारा दवाखान्याचा प्रोग्राम, आणि तो प्रोग्राम प्रत्येक टेबलावरील संगणकाला दाखविणारा वेब सर्व्हर. या तिघांपैकी कोण पडले आहे? की कोणीच पडलेले नसून सफाई करताना जाळ्याची केबल सैल झाली आहे? एका टेबलावर पडदा कोरा आणि दुसऱ्या टेबलावर काम सुरळीत चालू असेल तर सर्व्हरला हात लावण्याचे कारणच नाही. माझ्या नोंदवहीतील अशा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी केबलच्या किंवा भिंतीवरील छोट्या स्विचच्या निघाल्या आहेत.

आता डेटाबेस पडला आहे असे धरू. तो कसा सावरतो हे समजण्यासाठी त्याच्या आतील एक गोष्ट पाहावी लागेल. आमच्याकडे पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचे काम सुरू झाले. इंग्रेस या आधीच्या प्रकल्पानंतरचा म्हणून पोस्टग्रेस. १९९६ पासून तो पोस्टग्रेएसक्यूएल या नावाने ओळखला जातो, आणि तो विनामूल्य आहे. अशा डेटाबेसमध्ये एका बालकाला पेंटाव्हॅलंटचा दुसरा डोस दिल्याची नोंद करताना प्रत्यक्षात चार गोष्टी बदलतात: बालकाच्या पत्रकात डोस चढतो, फ्रीजमधील साठ्यातून एक मात्रा वजा होते, बिल तयार होते, आणि पुढच्या डोसची तारीख ठरते. या चार बदलांचा मिळून एक व्यवहार मानला जातो. चारही होतील, नाहीतर एकही होणार नाही, अशी हमी डेटाबेस देतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये वीज गेली तर? डोस चढला पण बिल झाले नाही, असे अर्धवट चित्र उरू नये यासाठी काय व्यवस्था आहे?

ती व्यवस्था आपल्या जुन्या पेढीवरच्या मुनीमजींना ताबडतोब कळली असती. मुनीम व्यवहार होताक्षणी रोजकीर्दीत लिहितो. खतावणी मागाहून, सवडीने करतो. खतावणी करताना दिवा विझला तरी बिघडत नाही, कारण रोजकीर्दीवरून ती पुन्हा करता येते. पोस्टग्रेस हेच करतो. प्रत्येक बदल आधी एका आगाऊ नोंदीत उतरतो, ती नोंद डिस्कवर पक्की झाल्यावरच ‘व्यवहार पूर्ण’ असे कळविले जाते, आणि मूळ तक्त्यांत बदल नंतर होतात. ठरावीक काळाने, सर्वसाधारणपणे पाच मिनिटांनी, खतावणी रोजकीर्दीशी जुळवून एक रेघ मारली जाते. वीज गेल्यावर डेटाबेस पुन्हा उठतो तेव्हा तो शेवटच्या रेघेपासून रोजकीर्द वाचू लागतो, राहिलेली खतावणी पुरी करतो, आणि अपूर्ण व्यवहार गृहीत धरीत नाही. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २००१ च्या ७.१ या आवृत्तीपासून आहे. त्यापूर्वी, १९९२ साली, आय.बी.एम.मधील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावरील पुनर्प्राप्तीची एक सविस्तर पद्धत प्रसिद्ध केली होती, आणि ती आजही अभ्यासक्रमांतून शिकविली जाते. मोहन हे मद्रासच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी.

हे समजले की व्यवहारात दोन गोष्टी आपोआप कळतात. एक म्हणजे अचानक बंद पडल्यानंतर डेटाबेस उठायला वेळ घेतो, आणि त्या वेळात जोडणी मागणाऱ्याला ‘डेटाबेस सुरू होत आहे’ अशा अर्थाचा संदेश देऊन परत पाठवितो. त्या वेळी तो रोजकीर्द वाचत असतो. बाहेर पंधरा माता रांगेत उभ्या असल्या की हा विलंब असह्य होतो आणि कोणीतरी पुन्हा बटण दाबते. मग वाचन पहिल्यापासून सुरू होते. मी माझ्या कर्मचाऱ्यांना सांगितले आहे की हा संदेश दिसला तर घड्याळ पाहावे, नोंदवहीत वेळ लिहावी आणि कागदावर काम सुरू करावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ही रोजकीर्द ज्या फोल्डरमध्ये असते त्याचे नाव पूर्वी ‘पीजी-एक्सलॉग’ असे होते. डिस्क भरत आली की मनुष्य काय करतो? जुने लॉग पुसतो. लॉग म्हणजे यंत्राची बडबड, ती गेली तर काय बिघडते, असा सर्वसाधारण समज. अनेक ठिकाणी लोकांनी या फोल्डरचे नाव वाचून ते रिकामे केले आणि डेटाबेस कायमचा मोडून बसले. शेवटी ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत त्या फोल्डरचे नाव बदलून ‘पीजी-वॉल’ करण्यात आले, जेणेकरून नावात लॉग हा शब्दच राहू नये. आपल्या शस्त्रक्रियागृहांत दिसायला सारख्या असलेल्या दोन औषधांच्या कुप्या वेगळ्या रंगाच्या करतात, त्यातलाच हा प्रकार. माणसाला बजावत राहण्यापेक्षा लेबल बदलणे केव्हाही बरे.

यंत्राची खरी बडबड वेगळ्या फाइलीत असते, आणि तीच आपण वाचावयाची असते. लिनक्सवर सिस्टिमडी नावाचा व्यवस्थापक सर्व सर्व्हिस सांभाळतो. त्याला एखाद्या सर्व्हिसचे ‘स्टेटस’ विचारले की ती चालू आहे की पडली, केव्हा पडली आणि पडण्यापूर्वीच्या शेवटच्या काही ओळी कोणत्या, हे सर्व एका पडद्यावर येते. या ओळींचे मोबाइलने छायाचित्र काढून ठेवणे ही अर्ध्या मिनिटाची क्रिया आहे. रुग्ण दगावल्यावर कागद नीट लावण्यापेक्षा आधीच नाडी व रक्तदाब लिहून ठेवणे जितके शहाणपणाचे, तितकेच हेही.

एका स्नेह्यांच्या रुग्णालयात डेटाबेस दर शनिवारी दुपारी पडत असे. तेथील मुलगा तो पुन्हा सुरू करी, पाच मिनिटांत काम चालू होई, आणि सर्व जण समाधानी असत. असे पाच-सहा शनिवार गेले. मला विचारल्यावर आम्ही दोघांनी बसून लॉग वाचला. प्रत्येक शनिवारी एकच ओळ होती: डेटाबेसची एक प्रक्रिया नवव्या क्रमांकाच्या इशाऱ्याने मारली गेली. मेमरी पूर्ण संपली की लिनक्स स्वतःचा जीव वाचविण्यासाठी एखादा मोठा प्रोग्राम मारून टाकतो. तेथे दर वेळी डेटाबेसचा बळी जात होता. शनिवारीच का? कारण त्या दिवशी त्याच यंत्रावर आठवड्याचे सर्व स्कॅन केलेले कागद एकत्र करून त्यांची मोठी फाइल बनविली जाई. ते काम दुसऱ्या संगणकावर नेल्यावर शनिवारचा त्रास थांबला. दर वेळच्या पुनरारंभाने ताप उतरत होता. मलेरियाची काच मात्र कोणी पाहिली नव्हती.

डेटाबेस हेतुपुरस्सर थांबवायचा असेल तर त्याचे तीन प्रकार आहेत, आणि ते माहीत असावेत. पहिल्यात नवीन कोणाला आत घेत नाहीत, पण आत असलेले सर्व जण आपापले काम संपवून बाहेर पडेपर्यंत वाट पाहतात. एखादा संगणक तसाच उघडा ठेवून कोणी जेवायला गेले असेल तर ही वाट संपत नाही. दुसऱ्यात अपूर्ण व्यवहार रद्द करून सर्वांना बाहेर काढतात, खतावणी जुळवतात आणि नीट दार लावतात. २०१६ च्या जानेवारीत आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून थांबविण्याच्या नेहमीच्या आज्ञेचा हाच अर्थ आहे, आणि दवाखान्याला तोच योग्य. तिसऱ्यात काहीच न जुळवता तत्काळ थांबतात. पुढच्या वेळी रोजकीर्दीवरून सावरणे आले. या तिन्हींच्या पलीकडे चौथा मार्ग आहे, प्रक्रियेला नऊ नंबरचा इशारा देऊन ठार करणे. अनेक हौशी तंत्रज्ञ हा मार्ग प्रथम अवलंबितात. मुख्य प्रक्रिया अशा रीतीने मेली तर तिची अपत्ये मागे तशीच चालू राहू शकतात, आणि नवा डेटाबेस उठताना अडचण येते.

याच संदर्भात आणखी एक सापळा सांगतो. डेटाबेस चालू असताना आपल्या फोल्डरमध्ये एक छोटी कुलूप-फाइल ठेवतो, जेणेकरून दुसरा कोणी त्याच नोंदींवर बसू नये. क्वचित अचानक वीज गेल्यावर ही फाइल मागे राहते आणि सुरू होताना ‘दुसरा डेटाबेस चालू असावा’ अशी तक्रार येते. ‘ती फाइल पुसून टाका’ हा सल्ला सहज मिळतो. पुसण्यापूर्वी खरोखर कोणतीही जुनी प्रक्रिया जिवंत नाही ना, हे पाहणे अनिवार्य आहे. जुनी प्रक्रिया चालू असताना कुलूप काढून दुसरा डेटाबेस त्याच फोल्डरवर बसविला तर दोन मुनीम एकाच खतावणीत एकमेकांना न विचारता लिहू लागतील.

पुष्कळदा पूर्ण पुनरारंभाची गरजही नसते. कोणत्या संगणकाला जोडणीची परवानगी द्यायची किंवा लॉगमध्ये काय लिहायचे, असे बदल ‘रिलोड’ या आज्ञेने, कोणाचेही काम न तोडता लागू होतात. एकूण जोडण्यांची मर्यादा किंवा डेटाबेसने राखून ठेवायची मेमरी बदलली तर मात्र पुनरारंभ करावाच लागतो, आणि तो रविवारी करावा.

बालरोगतज्ज्ञांसाठी एक खास सूचना. यंत्राच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली की वीज जाऊन आल्यावर यंत्राचे घड्याळ भलत्याच वर्षात जागे होते. शल्यचिकित्सकाच्या नोंदीत यामुळे थोडा गोंधळ होईल. आपल्याकडे प्रत्येक गोष्ट वयावर चालते. नवजात बालकाच्या कावीळीचा आकडा किती तासांच्या वयाचा आहे यावर प्रकाशोपचार ठरतो, वाढीच्या आलेखावरील बिंदू वयानुसार पडतो, आणि सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या लसींची पुढची तारीख प्रोग्राम आजच्या तारखेवरून काढतो. म्हणून लांब वीजखंडानंतर डेटाबेस सुरू करण्यापूर्वी घड्याळ तपासणे ही आमच्या पत्रकातील पहिली ओळ आहे. इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय असतेच, परंतु वीज गेलेली असते तेव्हा इंटरनेटही बहुधा गेलेले असते.

मोठ्या व्यवस्थेत सर्व्हिस सुरू करण्याचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयात ‘बाहमनी’ ही मुक्त प्रणाली प्रथम उभी राहिली. तिच्या पोटात तीन वेगळे प्रोग्राम आहेत: रुग्णनोंदींसाठी ओपन-एमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपन-एलिस, आणि साठा व बिलांसाठी ओडू. यांतील पहिला मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालतो, उरलेले दोन पोस्टग्रेसवर. खेड्यातील अशा रुग्णालयात इंटरनेटवर विसंबून चालत नाही. सर्व्हर आवारातच हवा. साहजिकच तो सांभाळण्याची विद्याही आवारातच हवी. सुरू करताना आधी डेटाबेस, ते उठल्याची खात्री, मग त्यांवर बसणारे प्रोग्राम, शेवटी वेब. थांबविताना नेमका उलटा क्रम. सगळे एकदम चालू केले तर प्रोग्राम डेटाबेसच्या आधी जागा होतो, त्याला कोणी सापडत नाही, तो पडतो, आणि आपण पुन्हा एकदा ‘सर्व्हर बंद’ म्हणतो.

आता वडोदऱ्यातील अनुभवाकडे येतो. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पुढचा विचार करून मी सर्व्हर तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर हलविला होता. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा त्या निर्णयाचे चीज झाले. दवाखान्याच्या तळमजल्यावर कमरेइतके पाणी होते. सोसायट्यांतून मगरी पकडल्या जात होत्या, वीज सुरक्षेसाठी बंद केलेली होती. यूपीएसने ठरविल्याप्रमाणे काम केले: त्याच्यापासून सर्व्हरला जोडलेल्या वायरवरून ‘बॅटरी संपत आली’ हा निरोप गेला आणि डेटाबेस स्वतःहून नीट दार लावून झोपला. येथे एक टीप द्यावीशी वाटते. पुष्कळ दवाखान्यांत यूपीएस असतो, पण ही वायर जोडलेली नसते. मग यूपीएसने मिळालेली वीस मिनिटे अंधारात वाया जातात आणि शेवटी यंत्र धाडकन पडतेच.

तिसऱ्या दिवशी वीज आली. चौथ्या दिवसापासून लोक येऊ लागले, आणि त्यांच्या हातात काहीच नव्हते. गुजरातेत मातेला मिळणारे ममता कार्ड, आम्ही दिलेली लसीकरणाची पुस्तिका, जुने अहवाल, सगळे घरातील कपाटासह पाण्यात गेले होते. ‘डॉक्टर, हिचा कोणता डोस राहिलाय ते आता तुम्हीच सांगा,’ असे एका आजींनी नातीला पुढे करून म्हटले. लेखी, तारीखवार पुरावा नसेल तर डोस दिलेला नाही असे मानून लसीकरण पुन्हा करावे, असा आपल्या शास्त्राचा सर्वसाधारण दंडक आहे. गोवराच्या लसीची पुनरावृत्ती झाली तर फारसे बिघडत नाही. धनुर्वातयुक्त लसीच्या मात्रा वाजवीपेक्षा जास्त झाल्या तर दंडावर मोठी सूज येऊ शकते. खर्च, टोचणी आणि बालकाचे रडणे हे वेगळेच. त्या पंधरवड्यात आम्ही कित्येक कुटुंबांना नव्याने छापलेली पत्रके दिली. प्रत्येक पत्रक देण्यापूर्वी एक काम मात्र केले होते, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. डेटाबेस सुरू झाल्यावर, पूर येण्यापूर्वीच्या शेवटच्या दिवसाच्या कागदी नोंदवहीतील सर्व नावे काढून ती एकेक करून पडद्यावर ताडून पाहिली. प्रोग्राम उघडला म्हणजे नोंदी शाबूत आहेत असा अर्थ होत नाही; शेवटचा रुग्ण, शेवटचे बिल आणि शेवटची लस या तीन गोष्टी जुळल्यावरच मी सर्व्हर सुरू झाला असे म्हणतो.

सर्व्हर बंद असतानाची कागदी नोंद कशी करायची, हेही आधी ठरलेले असावे. आमच्याकडे क्रमांक छापलेले पिवळे कागद आहेत. नंतर संगणकात चढविताना त्या कागदावर चढविणाऱ्याची सही होते. सही नसेल तर दोन जण एकच डोस दोनदा चढवितात, किंवा दुसऱ्याने चढविला असेल असे समजून कोणीच चढवीत नाही.

बॅकअपविषयी आपण सर्वांनी पुष्कळ ऐकले आहे, म्हणून दोन घटनाच सांगतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांच्या सेवेतील एका अभियंत्याने रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरील पोस्टग्रेसचे फोल्डर पुसले. त्यांच्याकडे बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या. रोजची प्रत काढणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ आवृत्तीचा असल्याने ती प्रत निघतच नव्हती. ती निघत नसल्याची पत्रेही पोहोचत नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कोणी हाताने काढलेली एक प्रत सापडली म्हणून ते वाचले, तरी ते सहा तास गेलेच. कौतुकाची गोष्ट अशी की त्यांनी हे सर्व जगासमोर उघडपणे लिहिले. आपल्या मृत्यूपरीक्षण बैठकांना याहून चांगला नमुना मिळणार नाही.

दुसरी घटना आपल्या देशातील. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधील सर्व्हरांवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि नोंदणीपासून प्रयोगशाळेपर्यंतचे काम हाताने करावे लागले. संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती बाधित न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून, असे तत्कालीन आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी सांगितले. बॅकअपची डिस्क सतत सर्व्हरलाच जोडलेली असेल तर असा हल्ला तिलाही गिळतो. माझी एक प्रत दवाखान्यात, एक कुलूपबंद करून इंटरनेटवर, आणि एक दर शुक्रवारी सुटी करून घरी जाते. चालू डेटाबेसचे फोल्डर नुसते पेनड्राइव्हवर ओढून घेणे ही प्रत नव्हे, कारण नक्कल होत असतानाच आतील पाने बदलत असतात. त्यासाठी पोस्टग्रेसची स्वतःची आज्ञा आहे आणि ती काम न थांबविता एका क्षणाचे सुसंगत चित्र काढते.

दैनंदिन निगेतील बाकीचा भाग थोडक्यात. पोस्टग्रेसमध्ये नोंद बदलली की जुनी नोंद लगेच नष्ट होत नाही; ती मृत म्हणून पडून राहते आणि मागाहून झाडली जाते. ही झाडलोट आपोआप होण्याची सोय फेब्रुवारी २००८ मधील ८.३ या आवृत्तीपासून मुळातच चालू असते. त्याच आवृत्तीत अशा मृत नोंदींचा पसारा कमी करणारी एक महत्त्वाची सुधारणा आली, आणि तिच्यात एंटरप्राइझडीबी या कंपनीच्या पुण्यातील अभियांत्रिकी कामाचा मोठा वाटा होता, हे आपल्या वाचकांना सांगताना आनंद वाटतो. ही स्वयंचलित झाडलोट ‘यंत्र मंद होते’ म्हणून कोणी बंद केली असेल तर ती पुन्हा चालू करावी. डिस्क तीन चतुर्थांश भरली की कारण शोधावे. पूर्ण भरली तर रोजकीर्द लिहायला जागा उरत नाही आणि डेटाबेस थांबतो. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. बाराव्या आवृत्तीच्या दुरुस्त्या नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबल्या, तरी ती अनेक ठिकाणी चालू असलेली मी पाहतो. मे महिन्यातील उष्मा आणि धूळ यांमुळे पंखे कोंदतात, यूपीएसच्या बॅटऱ्या काही वर्षांत दुबळ्या होतात. हे सर्व कॅलेंडरवर लिहून ठेवण्याजोगे.

‘एवढा व्याप कशाला, क्लाउडवर टाका,’ असे मला मुलांच्या पिढीतील डॉक्टर सुचवितात. त्यात तथ्य आहे, आणि ज्यांच्याकडे सांभाळणारा माणूस नाही त्यांनी तसे करावे. पण तेथेही सर्व्हर कोणाच्या तरी घरी असतोच, आणि नोंदी परत मिळण्याची अट करारात कोठे आहे हे सही करण्यापूर्वी वाचावे लागते. २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवणे आणि मागणी आल्यास ७२ तासांत देणे हे कर्तव्य डॉक्टरांचे आहे, सॉफ्टवेअर विकणाऱ्याचे नव्हे. बालकाच्या बाबतीत तीन वर्षे मला फारच अपुरी वाटतात. परदेशी शिकायला निघालेली मुले अठराव्या वर्षी लसीकरणाचा दाखला मागायला येतात.

शेवटी सांकेतिक शब्दांविषयी. आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशात आहेत आणि वर्षातून दोन महिने आपण तिकडे असतो. त्या काळात सर्व्हर पडला तर पासवर्ड कोणाला माहीत आहे? माझ्याकडे तो बंद लिफाफ्यात, सहीनिशी, दोन ठिकाणी ठेवलेला आहे, आणि लिफाफा फोडला तर वहीत नोंद होते. सर्व्हरच्या शेजारी भिंतीवर एक पत्रक आहे, मराठीत आणि गुजरातीत. त्यावर पुढील क्रम आहे: घड्याळ पाहा, पडद्याचे छायाचित्र काढा, कोणती सर्व्हिस पडली ते पाहा, डिस्कमधील जागा पाहा, अभियंत्याला फोन करा, आणि त्याने सांगितल्याशिवाय काहीही पुसू नका. दर तीन महिन्यांनी एका रविवारी आम्ही घरी नेलेली प्रत एका जुन्या, वेगळ्या संगणकावर चढवितो. त्या दिवशी सिस्टर नोंदवहीतून डोळे मिटून पाच बालकांची नावे काढतात, आणि त्यांची जन्मतारीख, शेवटचे वजन व शेवटची लस त्या जुन्या संगणकावर सापडते का ते पाहतात. गेल्या खेपेस पाचही सापडली. एकीचे वजन मात्र ग्रॅमऐवजी किलोत चढले होते, ते आता दुरुस्त केले आहे.